क्रिटमध्ये चाक सुटतं ते वळणावर: पहिल्या क्रायटेरियम शर्यतीची तयारी

"दादा, दम होता हो. चाकच सुटलं."

क्रायटेरियम, म्हणजे छोट्या बंद सर्किटवर फेऱ्या मारत होणारी सायकल शर्यत, थोडक्यात क्रिट, संपल्यावर कठड्याला सायकल टेकवून उभ्या असलेल्या पोरांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं मीच बोलून टाकतो: वळणावर सुटलं ना? चाक सुटणं म्हणजे पुढच्या सायकलच्या मागे टिकून राहता न येणं. आपल्या मराठवाड्यात सायकलवाले घडतात ते लांब पल्ल्यावर. साडेतेरा तासांच्या मुदतीतली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) हसत संपवणारी माणसं गावोगाव आहेत. तीच माणसं अर्ध्या तासाच्या क्रिटमध्ये चौथ्या लॅपला मागे पडतात, आणि घरी येऊन आणखी लांबच्या राईड मारायला लागतात. दुखणं पायात नसून वळणात आणि जागेत असतं.

हिशोब करून बघा. एमआयडीसीतल्या चार रस्त्यांचा १.२ किलोमीटरचा चौकोन, त्यात चार वळणं, आणि शर्यत ३० मिनिटं अधिक दोन लॅपची. ताशी ३६ किलोमीटरने साधारण १७ लॅप होतात, म्हणजे ६८ वळणं. घोळक्यातले पुढचे दहा जण वळणावर जवळजवळ ब्रेकच लावत नाहीत. त्यांच्या मागचे थोडा लावतात, त्यांच्या मागचे जास्त. शेपटीचा गडी दर वळणावर ३६ वरून २६ वर येतो आणि परत ३६ गाठायला उभा राहून पायडल मारतो. पुढच्यांसाठी ती सलग राईड असते आणि त्याच्यासाठी ६८ स्प्रिंट. खालचे सगळे टप्पे हा फरक मोडण्यासाठीच आहेत. क्रम बदलू नका. पाचवा टप्पा येत नसताना सहाव्यावर गेलं की अंगाची सालपटं निघतात.

टप्पा १: नाव देण्याआधी विचारायचे प्रश्न

स्पर्धेचं पत्रक वाचून भागत नाही, आयोजकांना फोन करा. शर्यत ठरावीक लॅपची आहे की वेळ अधिक लॅपची? वेळेची असेल तर उरलेल्या लॅपचा आकडा कधी दाखवायला लागतात? शेवटच्या लॅपला घंटा होते का? लॅप पडलेल्याला, म्हणजे अख्खी फेरी मागे पडलेल्याला, बाहेर काढतात की शेवटपर्यंत राहू देतात? पंक्चर झालं तर फ्री लॅप आहे का? म्हणजे बाजूला थांबून चाक बदलायचं आणि घोळका पुढच्या फेरीत आला की त्यातच परत शिरायचं, अशी मुभा. ती असली तरी शेवटच्या काही लॅपमध्ये बंद होते. नेमकी कधी, तेही विचारून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी: रस्ता वाहतुकीला पूर्ण बंद आहे का? "सकाळी गाड्या नसतातच" असं उत्तर आलं तर नाव देऊ नका. सकाळी गाड्या नसतात, पण कामगारांची बस असते, पाण्याचा टँकर असतो, आणि थंडीत गरम डांबरावर झोपलेलं कुत्रं असतं.

टप्पा २: सायकल, आठवडाभर आधी

नवीन काही बसवायचं असेल तर आठ दिवस आधी. आदल्या रात्री नवी चेन, नवे क्लीट (बूट पायडलमध्ये अडकवणारे तुकडे), नवी सीट नको.

टायर हाताने चाचपडा. आपल्याकडे सराटे आणि बाभळीचे काटे टायरात रुतून बसतात. ते लगेच पंक्चर करत नाहीत, ऐन शर्यतीत करतात. हवा काढा, टायर बोटांनी उघडून प्रत्येक चीर बघा, आतूनही रुमाल फिरवा. रुमालाचा धागा जिथे अडकेल तिथे काटा.

हवा १०० च्या वर ठोकायची सवय सोडा. ७० किलोच्या माणसाला २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण ८५ ते ९०, आणि २८ च्या टायरमध्ये ७० ते ७५ पीएसआय पुरतात. पुढच्या चाकात दोन-चार कमीच. दगडासारखं टायर खडबडीत डांबरावर उड्या मारतं, आणि वळणात चाक जमिनीवरून उठलं की पकड शून्य. उन्हाचाही हिशोब धरा. पहाटे भरलेली ९० ची हवा २० अंशांनी तापली की सहा-सात पीएसआयने वाढते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सायकल ठेवली असेल तर स्टार्टच्या आधी परत मोजा.

*तपासणी:* हँडलच्या दोन्ही टोकांची बुचं जागेवर आहेत का? उघडं टोक पडताना मांडीत घुसतं, म्हणून कडक आयोजक बुचाशिवाय उतरूच देत नाहीत. माझं एक बुच एकदा पहाटे गळून पडलं होतं. शीतपेयाच्या बाटलीचा बूच आणि चिकटपट्टीवर वेळ निभावली, पण वॉर्मअप गेला.

*तपासणी:* पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे? मित्राची सायकल घेऊन उतरणार असाल तर हे बोटांना पाठ हवं, डोक्याला नाही.

टप्पा ३: वळण एकट्याने शिका

इथे जास्त वेळ द्या. बाकीचं सगळं यावर उभं आहे.

जागा रिकामी हवी: शाळेचं सिमेंटचं मैदान, बाजार समितीचं बंद आवार, सुट्टीच्या दिवशीचं पार्किंग. परवानगी घ्या. चालू रस्त्यावर वळणाचा सराव करू नका. पाण्याच्या चार बाटल्या ठेवून चौकोन करा. पहिल्या दिवशी वेग ताशी २० च्या आत.

क्रम असा:

१. हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर. वजन खाली येतं आणि ब्रेकवर बोटांची ताकद पुरते. ड्रॉप्सवर भीती वाटते हे मान्य, पण ती दोन आठवड्यांत जाते.

२. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. पुढचा-मागचा दोन्ही, हलकेच. वाकल्यावर ब्रेक दाबणं हीच सगळ्यात महागडी चूक. टायरकडे पकड ठरावीक असते. ती वाकण्यात खर्च होत असताना ब्रेकनेही मागितली की चाक सरकतं.

३. गिअर वळणाच्या आधीच एक-दोन दात हलका करा. वळणातून बाहेर आल्यावर जड गिअरवर उभं राहून कण्हणारा माणूस तिथेच तीन सायकलींएवढं अंतर गमावतो.

४. बाहेरचा पाय खाली, आतला वर. बाहेरच्या पायडलवर खरंच वजन द्या, नुसता पाय ठेवू नका. सीटवरून बूड अगदी कागद सरकेल इतकं उचललं गेलं पाहिजे.

५. डावीकडे वळायचं तर डाव्या हाताने हँडल हलकंच पुढे ढकला. सायकल आपोआप डावीकडे कलते. हँडल फिरवायचं नाही, सायकल कलवायची.

६. नजर वळणाच्या तोंडावर नाही, जिथून बाहेर पडायचं तिथे. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल. हे गावातल्या कोणत्याही मोटारसायकलवाल्याला विचारा.

७. सायकल सरळ होत आली की मगच पायडल. ताशी ३६ ने २० मीटर त्रिज्येचं वळण घेताना सायकल जवळपास २७ अंश कलते. त्या कलण्यात आतलं पायडल डांबराला घासायला फारसं अंतर उरत नाही. पायडल घासलं की मागचं चाक हवेत.

वेग दर आठवड्याला थोडाच वाढवा. ३० वरून ३६ म्हणजे वेग फक्त २० टक्क्यांनी वाढला, पण टायरवरचा आडवा ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. म्हणून "काल ३० ने गेलो, आज जरा जोरात" यातला तो 'जरा' नीट तोला.

*इशारा:* चेंबरचं झाकण, पांढरे जाड पट्टे, खडीची चुरी, टँकरच्या गळतीची ओल, हिवाळ्यातलं दव. यांच्यावर कललेल्या सायकलने जायचं नाही. टाळता आलं नाही तर त्या हातभर अंतरापुरती सायकल सरळ करा आणि पुढे परत कलवा.

चार वळणं ब्रेकला हात न लावता, दोन्ही दिशांनी, दहा-दहा वेळा जमली की पुढचा टप्पा. बहुतेकांना डावीकडचं पटकन येतं आणि उजवीकडचं अडतं. म्हणून सर्किटची दिशा कोणती, हेही त्या फोनमध्येच विचारा.

टप्पा ४: वळण इतरांबरोबर

एकटे असताना बाहेरून आत आणि परत बाहेर, अशी रेघ सगळ्यात वेगवान. घोळक्यात ही रेघ विसरा. तिथे नियम एकच: ज्या रेघेत शिरलात त्याच रेघेतून बाहेर पडा. आत शिरलात तर आतच राहा. शिरताना बाहेर आणि मध्येच आत कापणारा माणूस दुसऱ्याला पाडतो, आणि मग शर्यतीनंतर जी भाषा ऐकू येते ती इथे लिहिता येत नाही.

चार मित्र घ्या. दोन-दोनच्या जोडीने तोच बाटल्यांचा चौकोन फिरा, आधी हळू. मग गवताच्या मैदानावर, अगदी चालण्याच्या वेगाने, मुद्दाम कोपराला कोपर आणि खांद्याला खांदा लावून बघा. कोपरं वाकलेली आणि ढिली असतील तर धक्का हातात जिरतो, ताठ असतील तर थेट हँडलला जातो. कुणी टेकलं की दचकून ब्रेक दाबायची खोड याच मैदानावर मोडते, दुसरीकडे नाही.

टप्पा ५: घोळक्यात चालणं

दुसऱ्याच्या मागे बसलं की वाऱ्याचा भार कमी होतो आणि साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. पण त्यासाठी पुढच्याच्या मागच्या चाकापासून अर्धा-पाऊण मीटरवर राहावं लागतं. दोन मीटरवर राहून "मी ड्राफ्टिंग केलं" म्हणणारे बरेच आहेत.

तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने ओलांडून जाऊ देऊ नका. तो बाजूला सरकला आणि चाकाला चाक लागलं, तर तो पडत नाही, तुम्ही पडता. नजर त्याच्या टायरवर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून दोन-तीन जण पुढे बघा. वेग जुळवायला ब्रेकपेक्षा छाती वापरा: थोडं उठलं की वारा थोपवतो, बाजूला वितभर सरकलं तरी तेच.

आपला मुलूख उघडा. झाड नाही, डोंगर नाही, आडवा वारा थेट लागतो. तो डावीकडून येत असेल तर पुढच्याच्या नेमकं मागे आडोसा मिळत नाही, तिरकं उजवीकडे मिळतो. पण उजवीकडे रस्ताच संपला असेल तर रांगेच्या शेवटी लटकून मरण्यापेक्षा आधीच पुढे सरका.

*तपासणी:* दहा जणांच्या गटात २० मिनिटं, ताशी ३५ ने, ब्रेकचा आवाज न करता बसता येतं का? नाही म्हणाल तर अजून चार रविवार द्या. शर्यती दरवर्षी होतात.

टप्पा ६: शर्यतीची सकाळ

आदल्या रात्री नान खलिया नको. संभाजीनगरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे जिवावर येतं, तरी सांगतो. भात-वरण किंवा ज्वारीची भाकरी आणि साधी भाजी पुरे. सकाळी स्टार्टच्या अडीच तास आधी पोहे किंवा सुशीला, शेंगदाणे कमी घालून, आणि एक केळं. अर्ध्या तासाच्या शर्यतीत सायकलवर काही खावं लागत नाही. अर्धा लिटरची एक बाटली बस. एप्रिल-मेच्या उन्हात शर्यत असेल तर त्यात मीठ-साखर घाला, आणि दुसरी बाटली स्टार्टआधी डोक्यावर ओतायला ठेवा.

नंबर आदल्या रात्रीच टाचा. फडफडणारा नंबर म्हणजे पाठीवर बांधलेली पिशवी. चार कोपऱ्यांवर चार आणि कडांवर चार अशा आठ पिना लावा, जर्सी अंगात घालून आणि सायकलवर वाकल्यासारखं वाकून. उभं राहून टाचला तर वाकल्यावर फुगतो.

तासभर आधी पोहोचा आणि सर्किट दोनदा फिरा. पहिल्यांदा हळू, डोळ्यांनी: चुरी कुठे, झाकण कुठे, गतिरोधक कुठे, कठडे कुठे संपतात. दुसऱ्यांदा शर्यतीच्या वेगाच्या जवळ, आणि प्रत्येक वळणासाठी एक खूण ठरवा. "विजेच्या खांबाला गिअर हलका, टपरीच्या फळीला पायडल बंद." अशा चार खुणा पाठ करा. शेवटच्या वळणापासून अंतिम रेषेपर्यंतचं अंतर मोजा, आणि तिथे वारा तोंडावर आहे की पाठीवर ते बघा. आठव्या टप्प्यात हे लागणार आहे.

वॉर्मअप २० ते २५ मिनिटं. शेवटच्या दहा मिनिटांत एकेक मिनिटाच्या तीन जोरदार खेपा, धाप लागेपर्यंत. बीआरएमवाले इथे हमखास चुकतात. त्यांची पहिली ३० किलोमीटर हाच त्यांचा वॉर्मअप असतो, आणि क्रिट तेवढ्यात संपलेली असते.

टप्पा ७: शिट्टी ते निम्मी शर्यत

स्टार्टच्या रेषेवर लवकर जा, पहिल्या दोन ओळींत उभे राहा. "मी नवीन, मागे उभा राहतो" ही नम्रता इथे कामाची नाही. एक पाय क्लिपमध्ये, गिअर मध्यम. शिट्टी झाल्यावर दुसरं क्लीट लगेच बसलं नाही तर खाली बघत बसू नका. नुसत्या तळव्याने दोन-तीन पायडल मारा, वेग आला की बसेल.

पहिल्या तीन लॅप सगळ्यात वेगवान असतात. छाती फुटेल असं वाटेल आणि मनात येईल की हा वेग शेवटपर्यंत झेपणार नाही. तो कुणालाच झेपत नाही, चौथ्या-पाचव्या लॅपला कमी होतो. तेवढं लटकून राहा.

पहिल्या दहा-पंधरांत राहायचं, पण पहिलं नाही. घोळका नदीसारखा असतो, बाजूने माणसं सतत पुढे येतात. तुम्ही नुसते जागेवर राहिलात तर मागे जाता. म्हणून दर लॅपला सरळ रस्त्यावर, वारा पाठीवर असलेल्या बाजूने, दोन-तीन जागा परत मिळवा. वळणाच्या तोंडावर आतून घुसून जागा मिळवायची नाही. जागा मिळते, पण पुढच्या वेळी कुणी तुम्हाला शिरू देत नाही.

नंबर आलाच तोंडावर वारा घ्यायचा, तर दहा-पंधरा सेकंद घ्या, कोपर हलवून बाजूला व्हा आणि चौथ्या-पाचव्या माणसामागे परत बसा. मी माझ्या पहिल्या क्रिटमध्ये अख्ख्या दोन लॅप पुढे ओढल्या. लोक टाळ्या वाजवत होते, मला वाटलं जिंकतोय. पुढच्या वळणाला पंधरा जण बाजूने गेले आणि मला त्यातल्या एकाचंही चाक धरता आलं नाही.

मधल्या प्राईमची, म्हणजे एखाद्या लॅपवर लावलेल्या बक्षिसाची घंटा ऐकून पहिल्या वर्षी तरी उठू नका. मात्र प्राईम झाल्याझाल्या घोळका सुस्तावतो. तेव्हा फुकटात चार जागा पुढे येता येतं.

*इशारा:* पुढे कुणी पडलं तर पडलेल्याकडे बघू नका, मोकळ्या फटीकडे बघा. ब्रेक करकचून दाबायचे नाहीत.

टप्पा ८: शेवटच्या तीन लॅप

तीनचा आकडा दिसला की पाणी बंद, हात ड्रॉप्सवर, आणि पहिल्या आठांत. दोनला सगळ्यांनाच पुढे यायचं असतं, रस्ता तेवढाच असतो. उशिरा निघणारा बाहेरच्या बाजूने वाऱ्यात अडकतो.

शेवटच्या लॅपचं खरं ध्येय अंतिम रेषा नसून शेवटचं वळण. तिथून रेषा १५०-२०० मीटरवर असेल तर वळणात तिसरे किंवा चौथे असायलाच हवं. दहावे असाल तर कितीही ताकद असो, गणित बसत नाही: ताशी ५४ ने २०० मीटर म्हणजे तेरा-चौदा सेकंद, एवढ्यात सहा जणांना बाजूने ओलांडायचं. रेषा ४०० मीटरवर असेल तर पाचवं-सहावं चालतं.

आणि सकाळी बघून ठेवलेला वारा. तोंडावर असेल तर थांबा, दुसऱ्याला आधी उठू द्या, शेवटच्या शंभर मीटरला बाहेर या. पाठीवर असेल तर आधीच निघा, मागच्याला आडोशाचा फारसा फायदा मिळत नाही. स्प्रिंटमध्ये सरळ रेघ सोडली तर क्रमांक काढून घेतात. रेषेच्या पुढेही पन्नास मीटर पायडल चालू ठेवा आणि हात हँडलवरच. मागून अजून पंचवीस जण येत असतात.

टप्पा ९: पडलात किंवा पंक्चर झालं तर

पंक्चर झालं की हात वर, बाहेरच्या कडेला, आणि फ्री लॅप असेल तर चाक बदलायच्या जागेपर्यंत. आडवं कापून जाऊ नका.

पडलात तर आधी स्वतःला तपासा. डोकं आपटलं असेल, गरगरतंय, लॅप कितवी ते आठवत नाही, तर शर्यत तिथेच संपली. डॉक्टरकडे जा. ते हेल्मेटही परत वापरायचं नाही, वरून चांगलं दिसलं तरी. खरचटलं असेल तर जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, डांबराची कणी आत ठेवू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर घेऊन टाका.

मग सायकल. चाकं गोल फिरतात का, ब्रेक लिव्हर वाकडी झाली का, फोर्कला चीर आहे का. आणि जे जवळपास सगळेच विसरतात ते म्हणजे मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्राचा) हँगर, म्हणजे ते यंत्र फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी. उजव्या बाजूला पडलं की तो आत वाकतो. लहान दातांवर, म्हणजे मागच्या छोट्या चक्रांवर, काही कळत नाही, सायकल चालते. मग मोठ्यात मोठ्या दातावर गिअर टाकला की डिरेलर थेट आऱ्यांत जातो, आणि चाक, डिरेलर, कधीकधी फ्रेमही जाते. म्हणून उठल्यावर सायकलमागे बसून बघा: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं वरच्या दातांच्या सरळ रेषेखाली आहेत का? तिरकी दिसली तर मधल्याच गिअरवर घरी या. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि आपल्याकडच्या दुकानात लगेच मिळेलच असं नाही. एक जादाचा आधीच मागवून खोगिराच्या पिशवीत टाकून ठेवा.